बारीक तारेचा स्क्रू

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगते. कामाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नाशिक रोडला स्टेशनजवळ माझं अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकले. बाई काय दुरुस्त करणार, असं म्हणणारे सगळे पुढं माझ्याच दारात आले.

२००२ च्या लग्नसराईत वाल्मीक गिटार घेऊन आला. रावजींच्या ऑर्केस्ट्रात तो सतरा वर्षं वाजवत होता, माणसाएवढ्या स्पीकरला खेटून. बारीक तार वाजतच नाही, म्हणाला. रावजींनी त्याला बजावलं होतं, महिनाभरात गिटार सुधारली नाही तर त्याच्या जागी कीबोर्डवाला येईल. पंचेचाळिशी उलटलेली, आणि गिटारशिवाय दुसरं काही येत नव्हतं त्याला.

गिटारच्या तारांखाली त्यांची थरथर टिपणारा पिकअप असतो. आत चुंबक, केसापेक्षा बारीक तारेचं वेटोळं, आणि वर सहा स्क्रू, एकेका तारेखाली एकेक. स्क्रू जवळ आला की ती तार मोठ्यानं वाजते. वाल्मीकचे सहाही स्क्रू घामानं गंजले होते. बाजारात चकचकीत स्टेनलेसचे मिळत होते, पण चुंबक त्यांना विचारतसुद्धा नाही, आवाज अगदीच बसतो. म्हणून सातपूरच्या लेथवाल्याकडून साध्या लोखंडाचे करून घेतले. जुने काढताना जरा हिसका बसला तर आतलं वेटोळं तुटतं, तेव्हा दोन दिवस थेंबथेंब तेल सोडत बसले. नवे बसवून वाजवून पाहिलं. सहाही तारा सारख्या.

चार दिवसांनी हा परत. बारीक तार अजून वाजत नाही म्हणे. मी तो स्क्रू एक फेरा वर घेतला. पुन्हा आला, पुन्हा घेतला. तिसऱ्या खेपेला स्क्रू तारेला टेकायला आला. मी छेडली तर माझ्याच कानात सुई गेली, आणि हा शेजारी उभा राहून नाही नाही म्हणून मान हलवत होता. तेव्हाच मला कळलं. खरं सांगते, तेव्हाच कळलं होतं. पण त्याच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर दोन दिवसांनी रावजी त्याला घेऊन तणतणत आले. ओझरच्या लग्नात लोकांनी म्हणे कानात बोटं घातली. गिटारची वाट कोणी लावली, असं रावजी मला विचारायला लागले. वाल्मीक खाली बघत म्हणाला, "ताईंनी स्क्रू हलक्या प्रतीचे टाकलेत."

झालं. हलक्या प्रतीचे? दोन दिवस मान मोडून बसले होते मी. त्याला म्हटलं, वाल्मीकभाऊ, भिंतीकडं तोंड करा, मी बारीक तार वाजवते, ऐकू आली की हात वर करा. रावजींना म्हटलं, तुम्ही फक्त बघा. गिटार अॅम्प्लिफायरला जोडली आणि तार अगदी वरच्या सुरात छेडली.

हात वर झाला नाही. आवाज वाढवून पुन्हा छेडली. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून भागीबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. वाल्मीक भिंतीसमोर ताठ उभा होता.

"वाजवा ना, ताई," तो म्हणाला.

रावजींचा राग कुठल्या कुठं गेला. ते माझ्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नको म्हणावं त्याला. मला तोंडावर सांगवणार नाही." आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

माझं काम चोख ठरलं होतं. मला माझीच किळस आली. जवळ जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो वळला. रावजी कुठं गेले, काय म्हणाले, असं विचारू लागला. मी हळूच सांगितलं. त्याला काही कळलं नाही, त्यानं कान पुढं केला. मग भागीबाई दारात उभ्या असताना मला ते ओरडून सांगावं लागलं.