पुसण्याआधीचं कोरं माप

मित्रांनो, मी एक जुना स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव भारदस्त, काम साधं. माझ्या इवल्याशा स्फटिकावर पदार्थाचा तुकडा दाबून ठेवायचा. मी त्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो आणि एक रेघ काढतो. रेघेत कुठे खळगा पडला, त्यावरून पदार्थात काय बिघडलंय ते कळतं.

आमच्याकडे बॅटरीचे पातळ पडदे तपासतात. दोन टाक्यांतल्या रसायनांत वीज साठवायची आणि मध्ये हा पडदा. त्याने आयन नावाच्या बारीक कणांना वाट द्यायची, पण रसायनं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

मला एकोणीस वर्षं सांभाळणारे ऑपरेटर काका सगळ्यांना सांगत, "याची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मी फुगून जात असे.

त्या दिवशी संशोधक ताईने महिनाभर आम्लात ठेवलेला पडदा आणला. आधी स्फटिक पुसायचा, मग रिकाम्या स्फटिकाचं कोरं माप घ्यायचं आणि ते पुढच्या मापातून वजा करायचं, असा नियम. काकांना जेवायला जायची घाई होती. कोरं माप घेतल्यावर त्यांना स्फटिकावर आधीच्या, झिजलेल्या पडद्याचा कण दिसला. तो त्यांनी पुसला, पण कोरं माप पुन्हा घेतलं नाही. "एवढ्याने काय होतंय," ते पुटपुटले. ताईचाही पडदा आम्लाने झिजला होता, पण त्या कणाचा खळगा त्याच्या खळग्यातून वजा झाला. पडदा ठणठणीत आहे, असं मीच सांगून बसलो.

त्या भरवशावर तिने तो बॅटरीत बसवला, आणि तीन आठवड्यांत तिथली रसायनं एकमेकांत मिसळली. महिनाअखेरीपर्यंत दोष सापडला नाही, तर तिचं चार वर्षांचं काम बंद होणार. तिने पंप उघडले, नळ्या बदलल्या, टाक्या घासल्या. काल माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, त्या दिवशीचं माप नीट झालं होतं ना?"

काकांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "अगं, याच्यावर शंका घेतेस?"

"नाही हो, सहज विचारलं." उलट तीच ओशाळली आणि पंपाकडे परत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या चांगल्या नावाचाच आडोसा झाला होता. माझी ती खोटी रेघ तिने टेबलासमोर भिंतीवर चिकटवली आहे. महिना संपायला चार दिवस आहेत.

मित्रांनो, यंत्रं स्वच्छ ठेवा, चुकलं तर माप पुन्हा घ्या, हे तर सांगायचंच आहे. पण मला बोलता येत नाही, म्हणून त्याआधी कोणीतरी तिला एवढं सांगा: पडदा पुन्हा एकदा माझ्यासमोर ठेव.