न तपासलेली निवळी

चुन्याची निवळी विकत मिळते. आमच्या शाळेच्या कपाटात तिची बाटली आहे, वर छापील चिठ्ठी आहे आणि आत बहुतेक नुसतं पाणी आहे. पडून पडून ती केव्हाच निकामी झालेली असते. मुलं नळीतून फुंकतात, काही होत नाही, आणि मग शिक्षक सांगतात, "दुधाळ झाली असं समजा." या 'समजा'चा मला भयंकर राग आहे. विज्ञानाच्या तासाला समजायचं काय? दिसलं पाहिजे. म्हणून सातवीला पदार्थाच्या गुणधर्मांचा धडा आला की निवळी मी घरी करतो. मुलं मला मागून 'निवळीसर' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. ते तसंच राहिलेलं बरं.

करायला काही अवघड नाही. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात विरवलेला चुना टाकायचा, बूच लावून खळखळून हलवायचं आणि रात्रभर विसरून जायचं. जेवढा विरघळायचा तेवढा चुना विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. वर जे स्वच्छ, काहीच नसल्यासारखं दिसणारं पाणी राहतं, ती निवळी. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात गेला की ती दुधासारखी पांढरी होते. पाण्यात काही दिसत नव्हतं, हवाही दिसत नव्हती, आणि दोन्ही भेटल्यावर डोळ्यांदेखत तिसराच पांढरा पदार्थ तयार होतो. इतकी वर्षं झाली तरी मला याची गंमत वाटते.

पण निवळी शाळेत नेण्याआधी घरी तपासायची, हा माझा नियम. न तपासलेल्या बाटलीवर मी चिठ्ठी लावत नाही. आणि तपासण्याचं काम हिचं. हिचं म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. मी परीक्षानळीत थोडी निवळी काढून द्यायचो, ती ओट्याला टेकून स्ट्रॉनं फुंकायची. पांढरी झाली की ओरडायची, "झाली हो तुमची निवळी!" मग मी चिठ्ठीवर नाव लिहायचो, तारीख घालायचो आणि खाली लिहायचो, 'तपासणी : सौ.' तिला ते फार आवडायचं. "शाळेत माझं एवढंच नाव आहे," म्हणायची. मी म्हणायचो, "नाव कुठे आहे? सौ. म्हणजे काय नाव झालं?" त्यावर ती नुसती हसायची.

शेवटच्या वर्षी तिला दम लागायचा. फुफ्फुसांसाठी डॉक्टरांनी एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, आत तीन चेंडू, श्वास आत ओढून ते वर न्यायचे. तिला त्याचा मनस्वी कंटाळा. "श्वास ओढून ओढून चेंडूच वर जायचा ना? तो सोडला की परत खाली. त्यापेक्षा तुमची निवळी बरी, निदान काहीतरी होतं." मी परीक्षानळी पुढे केली तर म्हणाली, "एवढीशी नको. बाटलीभर द्या. बघू तरी, अजून माझ्यात किती दम आहे." मी वैतागून वरचं सगळं स्वच्छ पाणी दुसऱ्या बाटलीत काढून दिलं आणि शाळेसाठी पुन्हा नव्यानं निवळी घातली. ती खुर्चीत बसून फुंकत राहिली. थांबायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. बाटली पांढरीधोप झाली तरी थांबेना. मी म्हटलं, "पुरे गं, पुरे! अजून फुंकलंस तर परत स्वच्छ होईल." तसंच होतं ते, जास्त फुंकलं की पांढरेपणा पुन्हा विरघळून जातो. तेव्हा कुठे तिनं स्ट्रॉ तोंडातून काढली.

फुंकलेली निवळी दरवेळी सिंकमध्ये जायची. त्या वेळी मात्र दवाखान्याच्या धावपळीत ती बाटली खिडकीतच राहिली. घट्ट रबरी बुचाची. काही दिवसांनी पांढरा गाळ तळाशी बसला आणि पाणी पुन्हा निर्मळ झालं. तोवर ही गेली होती.

कपडे मुलीनं वाटून टाकले, ते बरोबरच होतं. पलंगाची जागा बदलली. फोटो आहेत, पण फोटो म्हणजे कागद आणि शाई. तिच्या छातीतून निघालेलं असं या घरात एकच काही उरलं होतं, आणि ते त्या बाटलीच्या तळाशी होतं. चिमूटभर पांढरी पूड. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तो खडूच. मुलगी दर वेळी फोनवर सांगायची, "बाबा, खिडकीतल्या बाटल्या काढून टाका ना, धूळ साचते." मी "हो" म्हणायचो. त्या बाटलीवर मी चिठ्ठी लावली नाही. लिहिणार काय?

यंदा धडा आला तेव्हा मी निवळी घातली. सवयीनं त्याच खिडकीत ठेवली, त्याच बाटलीशेजारी. सकाळी निवळी छान बसली होती. तपासायची राहिली होती. स्ट्रॉ ड्रॉवरमध्ये होत्या. मी स्वतः फुंकू शकलो असतो, त्यात काय आहे? सातवीतलं पोरही फुंकतं. पण मी ओट्यापाशी उभा राहिलो आणि माझ्याच्यानं होईना. मी फुंकणार आणि मग "झाली हो" कुणाला म्हणणार? स्वतःलाच? मला तिची आठवण येत होती असं म्हणणार नाही. मला राग येत होता. इतकं साधं काम, आणि त्यालाही माणूस नाही.

तेवढ्यात चहा उतू गेला, मुलीचा फोन आला, डबा घेतला का, गोळी घेतली का. मी "घेतली, घेतली" म्हणत खिडकीतली बाटली उचलली, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि पिशवीत टाकली. चष्मा डोळ्यांवर नव्हता. न तपासलेली, बिनचिठ्ठीची बाटली मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत नेत होतो.

तिसऱ्या तासापर्यंत बाटली टेबलावर स्वस्थ ठेवली. तळाशी पांढरं, वर स्वच्छ. मुलं प्रयोगशाळेत आली. मी वरचं पाणी हलक्या हातानं परीक्षानळ्यांमध्ये ओतलं आणि प्रत्येक टेबलावर एकेक दिली. पहिला मान नेहमीप्रमाणे प्रश्नपेटीला दिला. ही मुलगी तासाला एवढे प्रश्न विचारते की शिक्षकांनीच तिचं नाव प्रश्नपेटी ठेवलंय. तिनं गाल फुगवून फुंकायला सुरुवात केली. नुसते बुडबुडे. तिनं आणखी फुंकलं, चेहरा लाल झाला. पाणी तसंच.

"सर, मी मेलेय का?" तिनं विचारलं.

वर्ग खो खो हसला. इतर टेबलांवरही तेच. कुणी म्हणालं, "सर, दुधाळ झाली असं समजू या!" माझा पारा चढला. "समजायचं नाही! फुंका नीट." मुलं बिचारी जीव तोडून फुंकत होती. मी मनात दुकानदाराला शिव्या घालत होतो, चुन्यात भेसळ केली असणार मेल्यानं.

प्रश्नपेटी बाटली डोळ्यांसमोर धरून बघत होती. "सर, चुना असा असतो का? हा फार मऊ दिसतोय, पिठासारखा." मग म्हणाली, "सर, मला वाटतं ही निवळी वापरलेली आहे. आधीच कुणीतरी फुंकून ठेवलंय यात."

मी हात पुढे केला, तिनं बाटली टेबलावर ठेवली, आणि मी वळून फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'चुन्याची निवळी दुधाळ होते'. ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. मागे मुलं दबक्या आवाजात बोलत होती.

प्रयोगशाळेच्या मावशी कामाला वाघ आहेत. तास फसला असं पाहून त्यांनी परीक्षानळ्या गोळा करायला सुरुवात केली. नळाचा आवाज आला म्हणून मी वळलो. मावशींनी बाटली तिरकी धरली होती आणि पांढरा गाळ बाटलीच्या तोंडाकडे सरकत होता.

"मावशी, खाली ठेवा ती! आधी खाली ठेवा!"

मी असा ओरडलो की मला माझाच आवाज ओळखू आला नाही. मी मुलांवर ओरडतो, पण ते ओरडणं वेगळं, ते त्यांनाही कळतं. मावशींच्या हातून एक थेंब सिंकमध्ये गेला, पांढरा, आणि वाहून गेला.

"चिठ्ठी नाही हो सर हिच्यावर," मावशी गांगरून म्हणाल्या. "चिठ्ठी नसलेली बाटली ओतून टाकायची, तुम्हीच तर सांगितलंय."

"हो. मीच सांगितलंय," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

मी बाटली घेतली, बूच लावलं. प्रश्नपेटीनं हळूच विचारलं, "सर, कुणी फुंकलं होतं?"

"आमच्या घरी," मी म्हटलं आणि बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळली. "निवळी उद्या आणतो. तपासून आणतो. बसा."

तिनं नंतर एकही प्रश्न विचारला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

घरी आलो तर खिडकीत खरी निवळी शहाण्यासारखी बसलेली होती. मी दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. हिच्या बाटलीतला गाळ ढवळला होता, तो बसायची वाट पाहत मी खुर्चीत बसलो. तीच खुर्ची. घरात फ्रिजचा तेवढा आवाज होता. मला वाटत होतं, आज मावशी, उद्या मुलगी येईल साफसफाईला, परवा मीच चष्मा विसरेन. आणि एवढं जपून तरी काय? त्या खडूला मी रोज बघत होतो, तो मला काहीच सांगत नव्हता. शाळेत मुलांना मी घसा ताणून सांगतो की पदार्थ नाहीसा होत नाही, नुसता रूप बदलतो. श्वास खडूत अडकून बसलाय, गेलेला नाही. आम्ल घातलं तर तो सुटतो. हेही सातवीलाच आहे.

मी उठलो. बाटलीतलं वरचं पाणी काढून टाकलं, गाळ ठेवला. जुन्या सामानातून भोक असलेलं रबरी बूच आणि वाकडी काचनळी शोधली. परीक्षानळीत यंदाची नवी निवळी घेतली, अगदी स्वच्छ, आणि नळीचं टोक तिच्यात बुडवलं. मग गाळावर व्हिनेगर ओतलं आणि झटकन बूच लावलं.

बाटलीत फसफसलं. क्षणभर काही नाही. मग नळीच्या टोकाशी एक बुडबुडा आला, फुटला. मग दुसरा. मग ते एकामागोमाग येऊ लागले, मध्येच थांबायचे, पुन्हा यायचे, ती फुंकायची तसेच. नळीच्या टोकाशी पांढरी धूसर रेघ उमटली, पसरली, आणि बघता बघता सगळी निवळी दुधासारखी झाली.

"पुरे गं, पुरे," मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलंच ते.

पण नळी मी काढली नाही. जेवढे बुडबुडे होते तेवढे येऊ दिले. शेवटचा आला आणि नळीच्या टोकाला बराच वेळ तसाच धरून राहिला. मग तोही सुटला. मी ओट्याला टेकून रडलो, आवाज करून रडलो. ऐकायला कुणी नव्हतं, तेव्हा लाजायचंही कारण नव्हतं.

नंतर तोंड धुतलं. हिची बाटली रिकामी केली, घासली आणि उपडी घातली. नव्या बाटलीसाठी कोरी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि लिहिलं, 'चुन्याची निवळी'. तारीख घातली. निवळी उत्तम होती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आता ती शाळेत न्यायला हरकत नव्हती. शेवटच्या ओळीपाशी थोडा थांबलो. मग दरवर्षी लिहितो तसंच लिहिलं, 'तपासणी : सौ.', आणि त्यापुढे, पहिल्यांदाच, तिचं नाव.