कुठंतरी सैल

दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा गोल आरसा त्यानं गिटारच्या अंगावरच्या वळणदार फटीतून आत सरकवला आणि दुसऱ्या हातातल्या टॉर्चचा उजेड त्यावर पाडला. आत धूळ होती, कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं होतं, पण भेग कुठं दिसत नव्हती. आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"तुम्ही डॉक्टर का?" समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. डॉक्टर माप घेतात, दात मी बनवतो. कवळ्या."

"मग बरोबर माणूस आला. ही गिटार माझ्याच वयाची आहे."

बाई पूर्वी हॉटेलातल्या वाद्यवृंदात वाजवायच्या. आता त्यांच्या बोटांचे सांधे सुजून लसणाच्या कुड्यांसारखे झाले होते. गिटार लहानखुरी होती, कडेनं मधाच्या रंगाची आणि मध्याकडे फिकट होत गेलेली. वरच्या लाखेला बारीक तडे गेले होते. आतून पूर्ण पोकळ, तरीही विजेवर चालणारी. ती मांडीवर घेऊन तो बसला, उठला, खिडकीपाशी जाऊन तिची मान डोळ्यासमोर आडवी धरून बाक आहे का ते पाहून आला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"बसा की. गाडी सुटतेय का तुमची?"

तो ओशाळून हसला.

"वाजवता?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजात असताना वाजवायचो. तीन गाणी येतात."

"मग आता चौथं शिका," बाई म्हणाल्या, आणि सौदा झाला.

घरी बायकोनं गिटारच्या पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"साठीला आलात तरी पायाची भिंगरी सुटेना. आता हे काय?"

"हात रिकामे राहिले की डोकं फिरतं."

आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि दारामागे त्यांची मुलगी होती. चार महिन्यांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. "काही दिवस राहते," इतकंच म्हणाली होती. सकाळी ऑफिसला जायची, संध्याकाळी यायची, ताटात पडेल ते जेवायची आणि आत जायची. काय झालं, कुणाचं चुकलं, परत जाणार की नाही, याबद्दल तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. बायकोनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "विचारायचं नाही. सांगेल तेव्हा सांगेल." त्यानं विचारलं नव्हतं. पण न विचारणं हे त्याच्या अंगात नव्हतंच. या चार महिन्यांत त्यानं घरातले सगळे नळ दुरुस्त केले होते, न बिघडलेलेसुद्धा. जिन्यातल्या दिव्यांपर्यंत मजल गेल्यावर शेजारी कुजबुजायला लागले होते.

गिटार मिळाल्यावर शेजाऱ्यांची सुटका झाली.

पहिल्याच दिवशी त्यानं उत्साहाच्या भरात सहाही तारा एकदम काढल्या आणि तारांखालची लाकडी घोडी टपकन खाली पडली. या जातीच्या गिटारची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच ती उभी राहते, हे त्याला तेव्हा कळलं. मग तिची मूळ जागा शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. केसभर पुढे, केसभर मागे, दर वेळी तार मोकळी वाजवून बघायची आणि मग मध्यावर दाबून. दोन्हींचा सूर जुळेपर्यंत त्याची मान आखडली.

मानेचा बाक काढायला तिच्यातल्या लोखंडी सळईला त्यानं पाव फेरा दिला. एक रात्र थांबून पुन्हा बघायला हवं होतं, पण त्याला धीर निघेना. तासाभरात त्यानं अजून पाव फेरा दिला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही उलटे फिरवले. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी कुठली उंच राहिलीय ते शोधायला त्यानं कामावरचा निळा कागद आणला. कवळी बसवल्यावर पेशंटला तो चावायला देतात. दात जिथं जास्त टेकतो तिथं निळा ठिपका उमटतो. नवव्या पट्टीवर ठिपका उमटला. त्यानं ती बारीक कानशीनं घासली. तारा जिथं मानेच्या टोकाशी टेकतात तिथली खाचांची पट्टी झिजली होती, ती त्यानं प्रयोगशाळेत दातांच्याच मसाल्यातून ओतून आणली.

"गिटारला दात बसवला," बायको म्हणाली. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांचं त्यातच आयुष्य गेलं, तरी भूक आहेच."

आतल्या खोलीतून हसल्यासारखा आवाज आला. खोकलाही असेल. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

रविवारी दुपारी त्यानं छोटा ॲम्प भिंतीला टेकवून ठेवला, वायर जोडली आणि तिन्ही गाणी एकापाठोपाठ वाजवली. बोटं अडखळत होती, पण आवाज लोण्यासारखा होता. तिसऱ्या गाण्यात मात्र एका जागी खर्रकन काहीतरी थरथरलं. त्यानं तोच सूर पुन्हा वाजवला. पुन्हा थरथर. एक पट्टी खाली काही नाही, एक पट्टी वर काही नाही. तेवढ्या एका सुरालाच कुठूनतरी पत्र्यासारखी कुरकुर यायची.

त्यानं खुंट्यांचे स्क्रू आवळले. आरसा आत घालून पाहिलं. आवाजाच्या बटणाखाली कागदाची घडी सारली. घोडीवर बोट दाबून धरलं. तो सूर वाजवत राहिला आणि ती कुरकुर येत राहिली. बायकोनं मासिक मिटलं.

"मला तर काही ऐकू येत नाही."

"येतंय. नीट ऐक."

"तुमचे कान वाजताहेत."

त्याला क्षणभर तेही खरं वाटलं. बाईंकडून आणली तेव्हा हे नव्हतं. मग आपणच घासूनपुसून तिचं काही बिघडवलं की काय? चांगलं करायला जावं आणि होतं तेही जावं, असं झालेली माणसं त्यानं पाहिली होती. त्यानं सूर पुन्हा वाजवला, जोरात. आणखी जोरात.

आतलं दार उघडलं. मुलगी उंबऱ्यात उभी राहिली. केस विस्कटलेले होते.

"बाबा, एकच सूर काय वाजवताय मघापासून?"

"काहीतरी सैल आहे. सापडत नाहीये."

तिनं मागे वळून खोलीत पाहिलं.

"तुमच्याकडे नाही ते," ती म्हणाली. "माझ्या खोलीत आहे."

तो तिच्या खोलीत गेला नाही. ते त्याला जमलं नसतं, सूर वाजवायला इथंच बसायला हवं होतं. दार मात्र उघडंच राहिलं आणि बसल्या जागेवरून आतलं अर्धं दिसत होतं.

"वाजवा," ती आतून म्हणाली.

त्यानं वाजवलं. तिनं खिडकीच्या काचेवर हात ठेवला. कुरकुर चालूच. तिनं कपाटाचं दार दाबलं. चालूच. टेबलावरचा दिवा, भिंतीवरचं घड्याळ, पलंगाची कड. प्रत्येक वेळी ती "हं" म्हणायची आणि तो तार छेडायचा. चार महिन्यांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पदराला पुसत.

शेवटी मुलगी कोपऱ्यातल्या खोक्यांपाशी गेली. तीन खोकी होती, आणली तशीच, वरची चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. सगळ्यात वरच्यावर तिनं तळवा टेकवला.

"हं."

सूर स्वच्छ आला. तिनं हात उचलला. कुरकुर सुरू झाली. पुन्हा ठेवला, थांबली.

"राहू दे," तो बाहेरून म्हणाला. "सापडलं ना, बास. मी ॲम्प दुसऱ्या भिंतीला लावतो."

आतून चिकटपट्टी ओढून काढल्याचा लांबलचक आवाज आला. मग कागद, मग भांडं भांड्यावर आपटल्यासारखं काहीतरी. तो ऐकत राहिला. पाय हलवायचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती आणि वाटीत कड्याला अडकवलेल्या दोन किल्ल्या.

"त्या घराच्या," ती म्हणाली. "मी त्याला सांगितलं होतं, हरवल्या म्हणून."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं जीभ दाताखाली धरली.

मुलगी खुर्चीवर बसली. किल्ल्या तिनं वाटीतून काढून मुठीत घेतल्या.

"आता वाजवा."

त्यानं सूर वाजवला. तो गोल, स्वच्छ आला आणि हळूहळू विरत गेला.

"उद्या ऑफिसनंतर तिकडं जाईन म्हणते," ती म्हणाली. "तुम्ही याल का बरोबर?"

"येतो."

"वर यायचं नाही पण. खाली थांबायचं."

"थांबतो."

"किती वेळ लागेल ते मला माहीत नाही, बाबा. किल्ल्या देऊन लगेच येईन. किंवा नाही येणार लगेच. तेही माहीत नाही."

त्याच्या मनात एकदम दहा प्रश्न आले. त्यानं तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि हात तिच्यावर नुसते ठेवले.

"तिथं बसायला काही आहे का खाली?" त्यानं विचारलं.

"एक बाक आहे."

"मग झालं," तो म्हणाला.