बढाया नसलेलं पुस्तक

ऑफिस सुटलं की घरी जाऊन पाय पसरावेत, एवढीच तिची इच्छा असायची. पण शनिवारी वाचनालयाची फेरी चुकत नसे. बाबांची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला आता फोटोग्राफरांचीच चरित्रं ऐकायची असत, आणि वाचून दाखवायला घरात ती एकटीच.

"या वेळी कोणतं देऊ?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"बढाया नसलेलं," ती म्हणाली. मागची तीन पुस्तकं बाबांनी अर्ध्यावरच निकालात काढली होती. लढाईचे फोटो काढणारा स्वतःच्याच प्रेमात पडलेला. जंगलात हिंडणाऱ्याचे वाघ कमी, गप्पा जास्त. आणि नटनट्यांच्या फोटोग्राफरबद्दल तर बाबा म्हणाले होते, "त्याला म्हणावं, लग्नातली रुसलेली चाळीस माणसं एका फोटोत बसवून दाखव!"

बाईंनी खालच्या फळीवरून एक बारीकसं पुस्तक काढलं. कुणा फोटोग्राफर बाईच्या आठवणी. मागचा मजकूरही न वाचता तिनं ते पिशवीत टाकलं.

चहा झाल्यावर ती जांभया आवरत वाचायला बसली. डार्करूममधल्या लाल दिव्याचं वर्णन आलं तशी बाबांची कळी खुलली. मग पान उलटलं. 'वडिलांनी कॅमेरा धाकट्या भावाच्या हातात दिला. मला म्हणाले, तू फोटोंच्या पाकिटांवर नावं लिही.'

ती वाचायची थांबली. शाळेत असल्यापासून तीही पाकिटांवर नावंच लिहीत आली होती. स्टुडिओ मिळाला भावाला; त्यानं तीन वर्षांत कुलूप लावलं आणि परगावी निघून गेला.

"का थांबलीस?"

"डोळे दुखताहेत."

बाबांनी चाचपडत रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "कॅमेऱ्यावरचा तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला होता. मला तेव्हाही दिसत होतं."

या वाक्याची तिनं वीस वर्षं वाट पाहिली होती. आता राग यायला हवा होता, निदान रडू तरी. अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"मुलगा असताना मुलीला स्टुडिओत बसवलं, तर लोक काय म्हणतील, वाटलं."

"लोक काही म्हणाले नसते, बाबा. त्यांना फक्त फोटो हवे होते."

बाबांनी मान खाली घातली. "राहू दे ते पुस्तक. दुसरं आण."

"नको. हिनं पुढे काय केलं, ते कळू दे मला."

ती वाचत राहिली. बाबा खुर्चीतच पेंगले, तेव्हा तिनं मोठ्यानं वाचणं थांबवलं. पुस्तक मिटलं नाही.

पुढच्या शनिवारी ती वाचनालयात रिकाम्या हातानंच गेली.

"मुदत वाढवून द्या," ती बाईंना म्हणाली. "बाबांचं ऐकून झालंय. माझं वाचून व्हायचंय."