बावन्न अंशांत मोजलेला हिवाळी टायर

मी हिवाळी टायर बोलतोय. मला बर्फाचा टायर म्हणू नका. हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटला, त्यांनीच मला खोटा ठरवायचा घाट घातला होता. म्हणून सुरुवातीलाच ठणकावून सांगतो.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका कारखान्यात झाला. सगळे काळे म्हणून सगळे टायर सारखेच, असं माणसांना वाटतं. तसं नसतं. पारा सात अंशांच्या खाली उतरला की साधा उन्हाळी टायर आखडायला लागतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही ना, तशातलाच प्रकार. माझ्या रबरात मात्र असं मिश्रण घातलं की कडाक्याच्या थंडीतही मी मऊ राहावं. अंगभर हजारो बारीक चिरा पाडल्या. त्या चिरांनी मी ओला, गारठलेला रस्ता घट्ट धरतो. बर्फ पडलाच तर बर्फही धरतो.

मग माझ्या कुशीवर एक डोंगर कोरला आणि त्यात बर्फाची चांदणी. तीच चांदणी पुढे माझ्या मुळावर आली. माणसं चित्र बघतात आणि बाकीचं वाचायचं सोडून देतात.

आम्ही चार भाऊ एकाच पेटीतून निघालो. पेटी उघडली ती सिंगापुरात, आंग मो किओच्या एका ऑफिसात.

"अगं बाई, काय वास येतोय रबराचा!" म्हणत जिने पेटी उघडली ती उत्कर्षा. वय पंचवीस, पुण्याहून इंजिनिअर होऊन दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. तिच्या मागून डोकावला तो सौमित्र, तिच्या शेजारच्या टेबलावरचा. "वा! ऑफिसला बसायला स्टूल आलं," असं म्हणून तो माझ्यावर बसलासुद्धा.

या कंपनीचं काम ऐकून मला हसावं की रडावं कळेना. युरोपातल्या गाडीवाल्यांसाठी ते एक ॲप बनवत होते. आपलं गाव टाकायचं, गाडी टाकायची, कोणता टायर घ्यायचा ते ॲप सांगणार. सांगणारे कोण? वर्षाचे बारा महिने एकाच घामात राहणारे. त्यांच्यातल्या एकानेही गोठलेल्या रस्त्यावर गाडी चालवली नव्हती. मॅनेजर निशिकांतसर अकरा वर्षं सिंगापुरात. त्यांचा बर्फाशी संबंध मनालीच्या सहलीपुरता. तिथे भाड्याचा कोट घालून फोटो काढला होता, तो त्यांच्या टेबलावर होता.

अज्ञान हा काही गुन्हा नाही. न विचारता निकाल देणं हा गुन्हा.

माझी चाचणी घ्यायचं काम उत्कर्षाकडे आलं. एक व्हॅन भाड्याने आणली. ती चालवायला होते अंकल तान, साठीचे, तोंडाने फटकळ. तीन महिने आम्ही चौघे त्या व्हॅनखाली सिंगापूरभर सामान वाहत फिरलो. आठवड्यातून एकदा तुआसकडच्या एका रिकाम्या आवारात, भर दुपारी, ताशी साठच्या वेगाने ब्रेकची चाचणी. आधी उन्हाळी टायर लावून, मग आम्हाला लावून.

त्या डांबरावर मी अक्षरशः वितळत होतो. ब्रेक लागला की माझ्या चिरा एकमेकींवर लोळायच्या, रस्ता हातातून निसटायचा. मी ओरडून सांगत होतो, अरे, हा भट्टीतला रस्ता आहे! पण टायरची ओरड माणसांना नुसती किंचाळल्यासारखी ऐकू येते.

अंकल तान खाली उतरले आणि माझ्यावरून बोट फिरवून म्हणाले, "वाह, धिस वन लाइक च्यूइंग गम, लाह!"

"मग इथे च्यूइंग गमवर आहे तशी यावरही बंदी पाहिजे," सौमित्र म्हणाला. सगळे हसले. उत्कर्षाही हसली. ते माझ्या लक्षात आहे.

मी उन्हाळी टायरपेक्षा चार मीटर पुढे जाऊन थांबत होतो. तिने ते प्रामाणिकपणे लिहिलं. चाचणीच्या फॉर्मवर वेग, अंतर, गाडीचं वजन, हवेचा दाब, रस्ता ओला की कोरडा, अशा सगळ्याचे रकाने होते. तापमानाचा रकाना नव्हता. कुणी गाळला नव्हता, कुणाला सुचलाच नव्हता. ज्या गावात रोज एकतीस-बत्तीस असतं, तिथे तापमान ही लिहायची गोष्ट असते हेच माणूस विसरतो.

निशिकांतसरांनी तो निकाल वाचला आणि नियम ठरवला. हिवाळी टायर ब्रेकला कच्चा आहे, तेव्हा नाइलाज असेल तिथेच तो सुचवायचा. ज्या गावात वर्षाला पंधरा दिवसांहून कमी बर्फ पडतो, त्या गावच्या माणसाला तो दाखवायचाच नाही.

विचार करा. अशी कितीतरी गावं आहेत जिथे बर्फ चार दिवस आणि ओली, हाडं गोठवणारी थंडी चार महिने. तिथली माणसं पहाटे कामावर निघणार, मुलांना शाळेत सोडणार. आणि त्यांच्या गाडीला काय? आखडून लाकूड झालेले टायर. का? तर तुआसच्या उन्हात मी घसरलो म्हणून!

आम्हाला व्हॅनवरून उतरवलं. तीन भाऊ गोदामात गेले, मला ऑफिसच्या दाराशी उभं केलं. लोक माझ्या पोटात ओल्या छत्र्या खोचू लागले. मी गप्प होतो, पण शरण गेलो नव्हतो.

एके दिवशी दुपारी उत्कर्षाचे पांडुरंगमामा तिला भेटायला आले. मामा जहाजावर चीफ इंजिनिअर. त्यांचं जहाज बंदरात लागलं होतं आणि तिच्या आईने दिलेला मेतकुटाचा डबा भाचीला पोचवायचा होता. तिची मीटिंग संपेपर्यंत ते दाराशी बसले. जहाजावरच्या माणसाला नुसतं बसवत नाही. त्यांनी माझ्यातल्या छत्र्या काढून बाजूला ठेवल्या आणि अंगठ्याने मला दाबून पाहिलं.

त्या एका दाबाने मला कळलं, या माणसाला रबर कळतं.

"उत्कर्षे, हा इथे काय करतोय?" ती येताच त्यांनी विचारलं.

"नापास झालाय मामा. ब्रेक लागत नाहीत त्याला. मीच चाचणी घेतली."

"किती तापमानाला?"

"सिंगापूर आहे मामा. नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणजे किती?"

तिने फॉर्म आठवून पाहिला; त्यात तो रकानाच नव्हता.

"जानेवारीत बाल्टिकमध्ये होतो आम्ही," मामा म्हणाले. "बर्फाचा कण नव्हता डेकवर. पण हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या, झाकणाला कुणीतरी साधं रबर लावून ठेवलेलं. थंडीने ते दगड झालं आणि लाटेचं पाणी सरळ आत, मालावर. बर्फ दिसतो गं, त्याला माणूस घाबरतो. नुसती थंडी दिसत नाही. तू याला उकळत्या पाण्यात घालून विचारलंस, बाबा, तुला थंडी वाजते का?"

उत्कर्षाने मामांच्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने माझ्या कुशीवरचा सगळा मजकूर पहिल्यांदा वाचला. तीन महिन्यांत पहिल्यांदा! राग आला मला. पण तिचा चेहरा पाहिला आणि राग पुढे ढकलला.

"मामा, चाचणीच्या फॉर्मखाली माझी सही आहे," ती हळूच म्हणाली. "सोमवारी ॲप सुरू होतंय."

"मग सोमवारच्या आत काय ते कर. माझ्या ओळखीचे एक जण जहाजांना मांस-मासळी पुरवतात, जुराँगला. त्यांचं कोल्ड स्टोअर आहे. शनिवारी सांगून ठेवतो."

शनिवारी सकाळी मला आणि एका उन्हाळी टायरला त्या थंड खोलीत ठेवलं. उणे अठरा अंश. डावीकडे मटणाची खोकी, उजवीकडे सुरमई. लोकांना हसू येईल, पण जन्मल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या घरी होतो. अंगातला उन्हाचा चिकटा गेला. चिरा सरळ उभ्या राहिल्या. शेजारचा उन्हाळी भाऊ बिचारा आखडत गेला. त्याचा काय दोष? त्याला भलत्या ऋतूत कुणी पाठवू नये, एवढीच त्याचीही मागणी असणार.

दोन तासांनी उत्कर्षा निशिकांतसरांना घेऊन आत आली. सर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कुडकुडत.

"लवकर दाखव बाई, काय ते. न्यूमोनिया होईल मला."

"याच्यात नख रुतवा सर."

उन्हाळी टायरवर त्यांचं नख नुसतं घसरलं. मग त्यांनी मला दाबलं. मी अंगठ्याला जागा दिली, मऊ, जिवंत. ते बराच वेळ दाबत राहिले. दातावर दात वाजत होते तरी हात काढेनात.

बाहेर आल्यावर चष्म्यावरची वाफ पुसत ते म्हणाले, "मान्य. पण सोमवार पुढे ढकलता येणार नाही. क्लायंटला शब्द दिलाय. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

"पुढचं व्हर्जन मार्चमध्ये आहे सर. हिवाळा त्याच्या आधी येतो."

"उत्कर्षा, तुझा इथल्या नोकरीचा पास याच महिन्यात रिन्यूला आहे ना? उगाच स्वतःसाठी अवघड करून घेऊ नकोस. काळजीने सांगतोय."

काळजी! माणसं धमकीला किती छान कपडे घालतात. आणि वाईट याचं की त्यांना खरोखर काळजीही वाटत होती.

सोमवारी मीटिंगला ती मला लोटत घेऊन गेली. छत्र्या काढून, पुसून. मी काचेच्या टेबलाला टेकून उभा राहिलो. तिने चाचणीचा तो फॉर्म मागितला, खाली स्वतःची सही असलेला. पेन काढलं. फॉर्मवर मोकळ्या जागेत एक आडवी रेघ मारून नवा रकाना केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: रस्त्याचं तापमान, बावन्न अंश. सकाळीच ती तुआसला जाऊन अंकल तानना भेटली होती. पहिल्या दिवसापासून ते रोज दुपारी रस्त्याचं तापमान टिपत होते, व्हॅनच्या चाकांत हवा किती ठेवायची ते ठरवायला. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

फॉर्म तिने टेबलाच्या मधोमध सरकवला.

"चूक माझी आहे. मी विचारलं नाही. हिवाळी टायर बावन्न अंशांवर तपासून आपण थंडीतल्या माणसांना सल्ला देतोय. आता यावर ज्याला सही करायची आहे त्याने करावी. मी माझी मागे घेते."

सौमित्रने खिशाला हात लावला आणि पेन नसल्यासारखं केलं. निशिकांतसर त्या आकड्याकडे बघत राहिले. खोलीत एसी चोवीसवर होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

शेवटी त्यांनी फोन उचलला. क्लायंटचं बोलणं पाऊण तास ऐकून घेतलं, एकदाही उत्कर्षाचं नाव न घेता. हे त्यांचं मी मान्य करतो. ॲप पाच आठवडे पुढे गेलं. चाचणी पुन्हा झाली, युरोपच्या उत्तरेकडे, खऱ्या गारठलेल्या ओल्या रस्त्यावर, माझ्याच जातीच्या ताज्या टायरवर. तिथे आमचा तो टायर आधी थांबला. आता नियम पाऱ्यावर चालतो. सात अंश. बर्फाचे दिवस त्यानंतर विचारात घेतात.

उत्कर्षाच्या पासचा अर्ज सरांनी शेवटच्या दिवशी भरला. पण तिला या कामावरून काढून पार्किंगच्या ॲपवर टाकलं. खरं बोलणाऱ्याला शाबासकी देताना माणसं त्याची खुर्ची तेवढी लांब सरकवतात. ती गेली तेव्हा मला म्हणाली, "सॉरी रे." मला तिचं सॉरी नको होतं. ती पुन्हा चूक करेल आणि पुन्हा स्वतःच्याच सहीवर काट मारेल, एवढी खात्री मला पुरे.

माझं म्हणाल तर मी संपलोय. उन्हाने माझे दात झिजले, साडेतीन मिलिमीटर उरलेत. चारच्या खाली हिवाळी टायर थंडीत कामाचा नाही. मी बाद आहे आणि ते मला कबूल आहे. योग्य मापाने बाद ठरण्यात अपमान नसतो. गुरुवारी मला न्यायला ट्रक येणार. माझा भुगा करतील.

करा. बर्फ मी एकदाही पाहिला नाही, म्हणून माझी कीव करू नका. जाता जाता सांगतो, ऐका. टायर घेताना आभाळाकडे बघून बर्फ शोधत बसू नका, पारा बघा. चारही घ्या. दोन पुढे लावून मागचे तसेच ठेवले तर वळणावर गाडी मागून फिरते.

काल सौमित्र इथेच उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता. ॲप सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातल्या बाईने माझ्यासारखे चार मागवले. तिच्या गावात वर्षाला चार दिवस बर्फ पडतो. जुन्या नियमाने तिला आम्ही दिसलोही नसतो.

आज तिच्या गावी तीन अंश आहेत, आणि पाऊस. जा बाई, बिनधास्त जा. आमचे चौघे खाली आहेत.