मागचं दार

ग्रेगर्सने टेकडीवर पवनचक्की उभारली, त्याच्या मुलाने, मिकेलने, तिला ओकची नवी पाती बसवली आणि मिकेलचा मुलगा थ्योगर मरेपर्यंत तिच्यावर राय हे धान्य दळत राहिला. थ्योगरची एकुलती एक मुलगी आबेलोना. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही पश्चिम युटलंडच्या त्या गावात ती उठल्याशिवाय सभा उठत नसे.

चक्कीबरोबर तिच्या वाट्याला एक ऋणही आले होते. जुनी पाती जमिनीलगत फिरत. वारा अडू नये म्हणून शेजारच्या ब्येरे घराण्याने आपल्या सफरचंदांच्या बागेचा आडोसा, काटेरी हॉथॉर्नची एकेचाळीस झाडे, तोडू दिली. टेकडीला खालच्या वाऱ्याची गरज सरली की झाडे परत लावू, हा ग्रेगर्सचा शब्द होता. तो पाळायचा राहिला होता.

आता गावाला मिळून वाऱ्यावर वीज तयार करणारी चक्की घ्यायची होती आणि टेकडी आबेलोनाची होती. लोहार वेर्नरची तीन पात्यांची चक्की उंच मनोऱ्यावर, झाडांच्या शेंड्यांहून वर फिरणार होती. शहरातून आलेल्या होल्गरची चक्की मात्र बुटकी, बारा पात्यांची, भोवती पत्र्याचा नळा. ती बसली तर झाडे कायमची गेली, हे आबेलोनाने जाणले होते.

"शंभरातले नव्वद भाग वारा आमची चक्की पकडते," गावच्या सभेत कॉफीचा पेला ठेवत होल्गर म्हणाला.

"वेर्नर, तुझी किती?" लाउस्ट ब्येरेने विचारले.

"पस्तीसच्या आसपास."

"मग हिशेब संपला की रे," लाउस्ट हसला. "आबेलोना, तुझ्या टेकडीनं आमची झाडं खाल्ली, निदान वारा तरी पुरता खाऊ दे."

"लाउस्ट, ती पश्चिमेची खिडकी उघड," आबेलोना म्हणाली. "आणि मागचं दारही."

खिडकीतून वारा घुसला, पडदा आडवा झाला, दारातून बाहेर निघून गेला.

"आता दार लाव."

दार लागले. पडदा सरळ खाली लोंबकळला.

"वारा बाहेर आहेच," ती म्हणाली. "पण आतल्याला जायला वाट नाही, म्हणून बाहेरचा आत येत नाही. सगळा पकडायला गेलात की तो चक्कीला वळसा घालून जातो. शंभरात एकोणसाठच्या वर कुणालाच घेता येत नाही, हे एका जर्मन माणसानं साठ वर्षांपूर्वी गणितानं दाखवलंय. माझ्या बापाला ते गणिताशिवाय ठाऊक होतं. होल्गरसाहेब, तुमच्या नव्वदातला वारा जातो कुठून?"

"बाई, हे नवं तंत्र आहे, त्यात..."

"कुठून जातो, तेवढं सांगा."

होल्गरने नळ्याच्या आराखड्याचा कागद उलटसुलट पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. लाउस्ट बराच वेळ लोंबकळत्या पडद्याकडे पाहत राहिला. हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्याचा होता, वेर्नरच्या बाजूने.

पुढच्या वसंतात मनोऱ्यावर तीन पाती फिरू लागली. त्याच आठवड्यात आबेलोना गाडीभर रोपे घेऊन लाउस्टच्या बांधावर आली. कुदळ तिने कुणाच्या हाती दिली नाही.

"अगं, चाळीस लाव, पुरे झालं. कंबर मोडेल तुझी."

"तोडली किती होती?"

"एकेचाळीस."

"मग मोज," ती म्हणाली.

लाउस्टने मोजली. एकेचाळीस भरली.