दोघांचा बर्फ

आमच्या घरात बर्फावरून भांडण पेटलं, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आम्ही बहीणभाऊ आईच्या इन्सुलिनच्या डब्यात कोणता बर्फ घालायचा यावरून आठवडाभर एकमेकांचं डोकं खात होतो.

झालं असं, की मावशीचं ऑपरेशन ठरलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आईनंच कडेवर घेऊन वाढवलेली. "तिला आत नेण्याआधी मला तिच्याजवळ बसायचंय," एवढंच आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची पिशवी दारामागे भरून तयार होती. प्रवास अख्ख्या दिवसाचा, बसचा, तोही ऐन उन्हाळ्यात. मी सोबत जाणार होते. प्रश्न फक्त इन्सुलिनच्या दोन कुप्या गार ठेवायचा होता.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे नमुने जेल भरलेल्या निळ्या, गोठवलेल्या पाकिटांच्या मधे ठेवून पाठवतात. पाकीट गोठवा, वापरा, धुऊन परत गोठवा, वर्षानुवर्षं चालतं. दादा मासळीच्या गोदामात देखरेखीला आहे. त्याच्या लेखी बर्फ म्हणजे कारखान्यातून येणारा, फावड्यानं ओढायचा, वितळला की ओतून द्यायचा आणि नवा भरायचा.

"तुझी पाकिटं वाटेत मऊ पडली की परत गोठवणार कुठे? ड्रायव्हरच्या मांडीवर?" दादा म्हणाला.

"आणि तुझ्या बर्फाचं पाणी झालं की कुप्या पोहायला लागतील. आई काय मासे विकायला चाललीय?"

"थांब्याथांब्यावर नवा बर्फ मिळतो."

"कुठल्या घाणेरड्या पाण्याचा?"

"अगं बाई, तो प्यायचा नाहीये!"

आई मधल्या खुर्चीत बसून कधी याच्याकडे, कधी माझ्याकडे बघायची. "अरे, कशातही घाला, पण मला वेळेत पोचवा," असं ती दिवसातून चारदा म्हणाली असेल. तिचं ऐकायला वेळ कुणाला होता? एकदा तिनं मला विचारलं, "मावशीला काय नेऊ गं? तिला हातात द्यायला काहीतरी हवं." मी म्हटलं, "थांब जरा, आधी बर्फाचं ठरू दे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी दादानं अचानक माघार घेतली. "कर बाई तुझ्या मनासारखं." दादा आणि माघार! मला तिथेच संशय यायला हवा होता. पण जिंकल्याच्या तोऱ्यात मी डोकं वापरलंच नाही.

सकाळी तर मी हद्दच केली. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी बजावते, की पाकिटं फ्रीजरमधून काढली की ओट्यावर ठेवा, त्यांना घाम फुटू द्या, मगच डब्यात घाला, नाहीतर आतला माल गोठतो. पण दादा चहाचा कप घेऊन ओट्यालाच टेकून उभा होता. पाकिटं बाहेर ठेवली असती तर तो म्हणाला असता, "बघ, घरातच वितळायला लागली." ते ऐकण्यापेक्षा मी ती तशीच, दगडासारखी, डब्यात आधीच अंथरलेल्या फडक्यावर रचली, मधे कुप्या ठेवल्या आणि झाकण दाणकन लावलं.

दादा आम्हाला सोडायला बसस्टँडवर आला. बस लागलेली होती, ड्रायव्हर खाली उभा राहून कुणाशी तरी गप्पा मारत होता. "सुई टोचून घेते आणि इथेच चार घास खाते," आई म्हणाली. मी डबा उघडला. कुपी हातात घेतली. आतलं औषध पांढरं पडलं होतं. कुपी आडवी केली, हलेना. दुसरीही तशीच. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मी पाकिटं उपसली, खालचं फडकं उचललं. तळाला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बर्फानं गच्च भरलेल्या, आणि बर्फात जाडं मीठ.

"मीठ घातलंस?"

"मिठानं जास्त गार राहतं. गोदामात घालतो आम्ही." दादा आधी जमिनीकडे बघत होता, मग पाकिटाला हात लावून एकदम उसळला. "आणि हे काय? यांना घाम कुठे फुटू दिलास? जगाला शिकवत असतेस ना!"

मग आम्ही सुटलोच. मी त्याचं मीठ काढलं, त्यानं माझा शहाणपणा काढला. लोक सामान घेऊन आम्हाला वळसा घालून जात होते. बसचा हॉर्न वाजला तेव्हा मी वळून बघितलं, तर आई नव्हती. तिची पिशवीही नव्हती.

ती बसमध्ये खिडकीपाशी बसली होती. आमचं चालू असताना ती रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानात जाऊन आली होती. नवी कुपी ओल्या रुमालात गुंडाळून तिनं स्टीलच्या पेल्यात उभी ठेवली होती आणि पेला मांडीवर धरला होता. मी दाराकडे धावले तर तिनं खिडकीतूनच हात केला.

"तू येऊ नकोस."

"आई, एकटी जाणार?"

"एकटीच बरी. मला माझ्या बहिणीचा विचार करत जायचंय. आठवडाभर बर्फाचाच केला."

"पण ते गार राहील का?" दादानं विचारलं.

"रुमाल ओला ठेवा म्हणाला दुकानदार. मी विचारलं, त्यानं सांगितलं. तुम्हाला विचारलं की तुम्ही एकमेकांनाच सांगत बसता."

बस गेली. आम्ही डबा घेऊन घरी आलो आणि तो टेबलावर तसाच ठेवला. आधी कोण रिकामा करणार, यावरही आमची धुसफूस झाली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पोचले. मावशी माझा हात सोडत नाहीये. औषध गार आहे." मग ती म्हणाली, "मी तिच्यासाठी काहीच आणलं नाही गं. तुला विचारलं होतं, तू थांब म्हणालीस. मी थांबले."

तिनं फोन ठेवला.

दादानं झाकण उघडलं. पाकिटं अजून गार होती, पिशव्यांतला बर्फही पुरता वितळला नव्हता. माझा जास्त टिकला की त्याचा, हे कुणीच काढलं नाही.